यिर्मयाचा उतारा ३४व्या वचनापाशीच का थांबतो?

प्रश्न (लिहिणार: समासटीप)

बायबलमधील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा आठवा अध्याय वाचताना मी यिर्मया संदेष्ट्याचे पुस्तक शेजारी उघडून ठेवले होते. देव आपल्या लोकांशी करणार असलेल्या नव्या कराराविषयीचे यिर्मयाचे भाकीत (३१:३१-३४) पत्रलेखकाने जवळजवळ सगळेच उतरवून घेतले आहे. ख्रिस्ती शास्त्राच्या उत्तरार्धात इब्री शास्त्रातून घेतलेला याहून लांब उतारा नाही. तो जिथे संपतो, त्याच्या पुढच्याच ओळीत यिर्मया सूर्य, चंद्र आणि तारे यांचे नियम साक्षीला ठेवतो आणि हे नियम ढळतील तेव्हाच इस्राएलाचा वंश परमेश्वरासमोर राष्ट्र म्हणून उरणार नाही, असे सांगतो. ही तीन वचने पत्रात नाहीत. उलट उतारा संपताच पहिला करार जीर्ण झाला असून नाहीसा होण्याच्या बेतात आहे, असे विधान येते. मग यहूदी लोकांना दिलेली वचने आजही त्यांचीच आहेत, की ती मंडळीकडे, म्हणजे ख्रिस्ती चर्चकडे, गेली? शिवाय परमेश्वराच्या वचनांपैकी एकही निष्फळ झाले नाही, असे इस्राएल लोक वचनदत्त भूमीत वसल्याची हकिगत सांगणाऱ्या यहोशवाच्या पुस्तकात (२१:४५) म्हटले आहे. तेव्हाच सारे पूर्ण झाले असेल, तर पुढे अपेक्षा कशाची करायची?

उत्तर (लिहिणार: दोन_पाट्या)

जीर्ण झाला तो करार कोणता, हे आधी ठरवावे लागेल, कारण शास्त्रात करार एकच नाही. इब्री पत्राचा सातव्यापासून दहाव्या अध्यायापर्यंतचा सगळा विषय याजकपद, निवासमंडप आणि यज्ञ हा आहे, म्हणजे मोशेच्या द्वारे सीनाय पर्वतावर झालेला करार. त्याच पत्राचा सहावा अध्याय मात्र अब्राहामाला दिलेल्या शपथेवर उभा आहे आणि ती शपथ अचल आहे, हेच तिथले म्हणणे आहे. एक करार जुना झाला म्हणणारा लेखक दुसऱ्याच्या अढळपणावर विसंबतो, ही विसंगती नव्हे.

दोन्ही करारांचे प्रसंग शेजारी ठेवून वाचावेत. उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात तीन वर्षांची कालवड, शेळी आणि मेंढा मधोमध चिरून तुकडे समोरासमोर मांडले जातात, पक्षी मात्र चिरले जात नाहीत, आणि मांसावर झडप घालणाऱ्या गिधाडांना अब्राम (अब्राहामाचे आधीचे नाव) हाकलत राहतो. (हा तपशील मला फार आवडतो, देवाशी करार होत असताना माणसाच्या वाट्याला राखणदारी आलेली आहे.) अशा तुकड्यांमधून चालत जाण्याचा अर्थ यिर्मयाच्या ३४व्या अध्यायात उघड होतो: करार मोडणाऱ्याची गत त्या वासरासारखी होईल. इब्री भाषेत करार ‘केला’ न म्हणता ‘कापला’ म्हणतात, त्यामागेही हीच प्रथा असावी. परंतु त्या रात्री अब्राम गाढ झोपलेला असतो आणि तुकड्यांमधून जातात ती धुमसती भट्टी आणि जळती मशाल. बंधन एकानेच घेतले. सीनायला मात्र ‘तुम्ही माझे ऐकाल तर’ अशी अट आहे, लोकांचा तोंडी होकार आहे आणि रक्त वेदीवर जसे शिंपडले तसे लोकांवरही. म्हणूनच चारशे तीस वर्षांनंतर सीनायला आलेले नियमशास्त्र आधीचे वचन रद्द करू शकत नाही, असे प्रेषित पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सांगू शकतो.

उत्तर (लिहिणार: रानटी_फांदी)

वरील विवेचन मान्य आहे, परंतु पौलाचा युक्तिवाद तिथे थांबत नाही. त्याच अध्यायात तो वचनातील ‘संतान’ हा शब्द ख्रिस्ताला लावतो आणि जे ख्रिस्ताचे ते अब्राहामाचे वारस, असे म्हणतो. तेव्हा वचन संपले नाही, हे खरे. पण वारसांची व्याप्ती वाढली, हेही तितकेच खरे. या ‘वाढली’चे ‘बदलली’ कसे झाले, तो इतिहास दुःखद आहे. दुसऱ्या शतकातच जस्टिन मार्टिर या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती लोकच खरे इस्राएल, अशी मांडणी केली, आणि पुढे कितीतरी शतके यहूद्यांचा तिरस्कार करण्यासाठी असल्या मांडणीचा आधार घेतला गेला. रोमन कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात, देवाने यहूद्यांना टाकले वा शापिले आहे असे दाखवू नये, हे स्पष्ट केले. पौलाचा दाखला मात्र आधीपासूनच होता: रानटी जैतुनाची फांदी (यहूदी नसलेले विश्वासणारे) चांगल्या झाडावर (इस्राएलावर) कलम केलेली आहे, आणि तिने मुळाला आपण पोसतो असे समजू नये.

उत्तर (लिहिणार: दोन_पाट्या)

जैतुनाचा विषय निघालाच आहे, तर तो दाखला जिथे आहे त्या पौलाच्या रोमकरांस पत्रातील ‘सर्व इस्राएल तारले जाईल’ (११:२६) हे वाक्यही पाहावे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विनने तिथे इस्राएल म्हणजे यहूदी आणि विदेशी मिळून देवाची सर्व प्रजा, असा अर्थ घेतला. मला तो पटत नाही, कारण दोनच वचनांनंतर ‘ते’ आणि ‘तुम्ही’ असा भेद करून, ते पूर्वजांमुळे प्रिय आहेत, असे पौल लिहितो. आता ‘सर्व’ म्हणजे प्रत्येक जण काय? सर्व इस्राएलाला येणाऱ्या जगात वाटा आहे, असे मिश्ना या प्राचीन यहूदी नियमसंग्रहाच्या सनहेद्रिन प्रकरणात म्हटले आहे आणि लगेच कोणाला वाटा नाही त्यांची यादीही दिली आहे. शिरगणतीचा हिशेब त्या ‘सर्व’मध्ये मुळातच नव्हता.

उत्तर (लिहिणार: पन्नासावे_वर्ष)

या चर्चेत यहूदी वाचन अजून आलेले नाही. तारण कोणाचे, हा त्या वाचनात करारापुढचा मुख्य प्रश्न नाही; आज्ञा, वंश आणि भूमी हे आहेत. भूमीबाबत लेवीयातील एक वचन (२५:२३) नेहमी सुटून जाते: भूमी कायमची विकू नये, कारण ती परमेश्वराची असून लोक तिच्यावर उपरे आहेत. वचन कायमचे, पण ताबा वर्तनावर अवलंबून. म्हणून बंदिवासाचे शाप सांगून झाल्यावर त्याच पुस्तकात, शत्रूंच्या देशातही मी त्यांना टाकणार नाही, असे येते. यहोशवाच्या वाक्याचे उत्तरही इथेच आहे, कारण यहोशवाच्या काळी मिळालेली भूमी एकदा गमावून इ. स. पू. ५८६ नंतर, म्हणजे बाबेलने यरुशलेम पाडल्यावर, परतण्याची आशा पुन्हा बांधावी लागली. विखुरलेल्यांना एकत्र कर, ही विनंती आठवड्याच्या (शब्बाथ सोडून इतर) दिवसांच्या अमीदा या यहूदी नित्यप्रार्थनेत आजही आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या इस्राएल राष्ट्राने ती पूर्ण झाली काय, यावर मात्र धार्मिक यहूद्यांतच एकमत नाही. १९३५ मध्ये निधन पावलेले रब्बी अब्राहम आयझॅक कूक यांनी यहूद्यांच्या त्या भूमीकडे परतण्यात मुक्तीचा आरंभ पाहिला; सात्मार हा कर्मठ हसीदी यहूदी पंथ मात्र ताल्मूद या यहूदी धर्मग्रंथातील तीन शपथांवर बोट ठेवतो, ज्यांतली एक म्हणजे बळाने एकत्र चढून जाऊ नये.

प्रश्नकर्त्याची भर (लिहिणार: समासटीप)

सहावा आणि आठवा अध्याय मी वेगवेगळ्या आठवड्यांत वाचले होते, त्यामुळे दोन करारांतील भेद निसटला. आता यिर्मयाचे ३१:३१ हे वचन पुन्हा पाहिले, तर नवा करारही ‘इस्राएलाच्या घराण्याशी व यहूदाच्या घराण्याशी’च होणार आहे, आणि हे शब्द इब्री पत्राने जसेच्या तसे ठेवले आहेत. माझे लक्ष गाळलेल्या तीन वचनांकडेच लागून राहिले होते.