जांभ्याच्या भिंतीला खालून ओल : आतून वॉटरप्रूफिंग करावे का?

माडाखाली : रत्नागिरी तालुक्यातील आमचे घर जांभा दगडाचे आहे. काही वर्षांपूर्वी आतील मातीचा गिलावा काढून सिमेंटचा केला, वर प्लास्टिक इमल्शन लावले आणि खळ्यात, म्हणजे घरालगतच्या अंगणात, काँक्रीट ओतून फरशी बसवली. तेव्हापासून पावसाळ्यात पश्चिमेच्या खोलीची भिंत गुडघ्याच्या वरपर्यंत ओली होते, रंगाचे पोपडे सुटतात, त्यांच्यामागे पांढरी भुकटी साठते आणि लाकडी कपाटामागे काळी बुरशी धरते. ठेकेदार म्हणतात की, आतून वॉटरप्रूफिंगचे केमिकल मारून चार फूट टाइल लावावी. जाणकारांचे मत हवे आहे.

जोते : टाइल लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जांभा सच्छिद्र असतो आणि जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर बहुधा नसतोच, त्यामुळे जमिनीतील पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढते. मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून ते हवेत उडून जात असे. सिमेंट आणि इमल्शन यांनी ती वाट अडवली. टाइल लावल्यास ओल तिच्या वरच्या काठाशी, म्हणजे आज कोरड्या असलेल्या भागात प्रकट होईल. पांढरी भुकटी म्हणजे लोणा, पाण्याबरोबर वर आलेले क्षार. हे क्षार हवेतील दमटपणाही ओढून घेतात, म्हणून तो गिलावा डागाच्या वर फूटभर खरवडून काढावाच लागतो.
तत्पूर्वी एक ढोबळ परीक्षा करावी. अॅल्युमिनियम फॉइलचे वीतभर तुकडे एक खाली, एक वर असे चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावेत. भिंतीकडील बाजू ओली झाली तर पाणी भिंतीतून येते, खोलीकडील झाली तर हवेतील बाष्प तेथे साचते.

पागोळी : मला आतल्या गिलाव्यापेक्षा खळ्याच्या काँक्रीटचा अधिक संशय येतो. त्याने बाहेरची पातळी जोत्याच्या वर आली असेल, तर पागोळ्यांचे पाणी फरशीवर आपटून थेट भिंतीवर उडते आणि मुरायला उघडी जमीनही उरत नाही. भिंतीलगत दीड-दोन हातांची फरशी उखडून पातळी जोत्याखाली न्यावी, उतार बाहेरच्या बाजूला द्यावा आणि पन्हळ लावून पाणी दूर सोडावे. पश्चिमेकडून झड येते म्हणूनच पूर्वी त्या भिंतीला माडाच्या झापांचा आडोसा करत. आता पत्रा लावतात, तो पुरेसा पुढे आलेला हवा.

कोरडे_कपाट : बुरशीविषयी थोडे. ती कोरडीच घासू नये, बीजकण घरभर पसरतात. मास्क लावून, भाग ओला करून साबणाच्या पाण्याने पुसावा. दमेकरी माणसाला त्या वेळी खोलीत थांबू देऊ नये. ब्लीचने डाग फिकट होतो, पण सच्छिद्र गिलाव्याच्या आत मुरलेली बुरशी राहू शकते. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे अॅसिड मिसळण्याचा प्रकार मी पाहिला आहे. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, हे कृपया कुणीही करू नये.

माडाखाली : फॉइल लावून पाहिले. खालचा तुकडा भिंतीकडून ओला निघाला आणि कपाटामागचा, छातीच्या उंचीवरचा, खोलीकडून. खळे जोत्यापेक्षा चार बोटे वर आहे, हेही मोजल्यावरच ध्यानात आले.

जोते : म्हणजे दुखणी दोन आहेत. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे, त्या खोलीत ओले कपडे वाळत घालणे बंद करावे आणि पाऊस उघडेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. एवढ्याने वरची बुरशी बरीच आटोक्यात येईल. खळ्याचे काम पाऊस सरताच घ्यावे, मात्र नवा गिलावा लगेच करू नये. भिंत वाळायला जाडीच्या दर इंचाला सुमारे महिना लागतो असा ठोकताळा आहे, तेव्हा दिवाळीनंतर खरवडलेली भिंत उन्हाळाभर उघडी ठेवून मगच चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी करावी. पहिल्या पावसात थोडी ओल दिसली तरी इमल्शनचा डबा आणू नये.