मदत हवी आहे : जुन्या मॉडेल कारचा रंग कसा काढायचा? (लवकर सांगा)

पाचपाखाडी :
नमस्कार मंडळी. काकांची एक जुनी मॉडेल कार आहे, रेसची. रंगाची पार वाट लागलीये. ब्रशचे फराटे, मध्ये मध्ये पोपडे. सगळा रंग काढून नवीन मारायचाय, स्टिकर आणि बारीकसारीक कामही नीट करायचंय. रंग कशाने काढू आणि कुठला मारू? पुढच्या रविवारी काकांची पंच्याहत्तरी आहे, त्याआधी व्हायला हवं. व्हिडिओ बघितले, त्यातलं अर्धं सामान इथे मिळत नाही. "जाणकाराकडे द्या" हा सल्ला कृपया नको.

गॅरेजवाला :
एनसी थिनर. कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतो. फडकं भिजवा, पुसा, पाच मिनिटांत पत्रा दिसेल. बावीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय, डोळे झाकून करा.

अनुष्टुभ :
शीर्षक वाचून आले. माझी २००८ ची सँट्रो आहे, बॉनेटवरचा रंग उडालाय. पूर्ण गाडीला साधारण किती खर्च येईल?

चिमटा :
पाचपाखाडी, थिनरची बाटली उघडली असेल तर आधी बंद करा. गाडी धातूची आहे की प्लॅस्टिकची? किटमधून जोडलेली की तयार घेतलेली? लांबी किती? आत्ताचा रंग कुठला, तेलरंग की स्प्रे? कंपनी कोणती? एवढं कळल्याशिवाय सल्ला देणं म्हणजे फोनवरून दात काढणं.

पाचपाखाडी :
प्लॅस्टिकचीच ना. मॉडेल म्हटल्यावर अजून कशाची असणार? काका मर्चंट नेव्हीत होते, ७८ साली कोबेहून आणली होती. लांबी वीतभर. रंग लाल, कुठला ते मला काय माहीत. खालच्या बाजूला टामिया असं कोरलंय.

चिमटा :
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. टामियाची प्लॅस्टिक किट पॉलिस्टायरिनची असतात. एनसी थिनर, अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, काहीही लागलं की प्लॅस्टिक विरघळतं. रंगाबरोबर गाडीही जाईल.

गॅरेजवाला :
मारुतीचा बंपर पण प्लॅस्टिकचाच असतो. रोज थिनरने पुसतो. आजवर एकही विरघळला नाही.

चिमटा :
बंपर पॉलिप्रॉपिलिनचा असतो. ते वेगळं, हे वेगळं. घरात थर्माकोल असेल तर त्यावर चार थेंब टाकून बघा. तेही पॉलिस्टायरिनच.

गॅरेजवाला :
थर्माकोलची गाडी कोण रंगवतं?

खडूस आजोबा :
ब्रेक ऑइल. डॉट ३. आम्ही ८५ पासून हेच वापरतो. रात्रभर बुडवा, सकाळी टूथब्रश मारा, प्लॅस्टिकला ढिम्म होत नाही. हातमोजे घाला आणि नंतर साबणाने धुवा. बाकी सगळे चोचले.

मृदुला_क :
आजोबा, ब्रेक ऑइल चालतं हे खरं, पण त्याची विल्हेवाट कशी लावायची? मोरीत ओतणार? त्यापेक्षा डेटॉल वापरा. औषधाच्या दुकानातलं तपकिरी, अँटिसेप्टिक. साबण किंवा हँडवॉश नव्हे. पाणी न घालता डब्यात ओतायचं, भाग बुडवायचा, झाकण लावून चोवीस तास विसरायचं. मी याच पद्धतीने तीन किट सोलली आहेत.

फक्त एक जपा. बाहेर काढल्यावर लगेच नळाखाली धरू नका. पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट काला होतो आणि तो प्लॅस्टिकला परत बसतो. आधी जुन्या टूथब्रशने डेटॉलमध्येच घासा, फडक्याने पुसा, परत स्वच्छ डेटॉलमध्ये खंगाळा, मग भांड्याच्या साबणाने धुवा. रंग चाळीसेक वर्षांचा आहे, एका फेरीत नाही निघणार. अधूनमधून बघत राहा, प्लॅस्टिक मऊ वाटलं तर लगेच बाहेर. आणि सुरुवात न दिसणाऱ्या भागापासून करा.

बोका_नंबर_१ :
घरात मांजर असेल तर तो डबा झाकून ठेवा. डेटॉल मांजरांना विषारी असतं. धाग्याशी संबंध नाही, पण सांगितलेलं बरं.

पाचपाखाडी :
मांजर नाही. डेटॉल आणतो. ताई, रंग कुठला मारू ते कोणीच सांगितलं नाही. मी फेरारीचा लाल म्हणत होतो, आत्ताही लालच आहे. आणि एक छोटा प्रश्न, काकांनी पुढे चुकून दोन चाकं जास्तीची लावली होती, ती काढली आहेत. आता त्या जागी भोकं दिसतात. ती कशाने बुजवू? एम-सील चालेल?

चिमटा :
काय????

मृदुला_क :
पुढे छोटी छोटी चार आणि मागे मोठी दोन, असं होतं का?

पाचपाखाडी :
हो. म्हणून तर विचित्र दिसत होती. रेस कारला चार चाकं असतात एवढं मलाही कळतं.

चिमटा :
अहो, ती टायरेल पी३४ आहे! सहाच चाकं असतात तिला! हात लावू नका कशाला. काढलेली चाकं कुठे आहेत? आत्ता शोधा आणि डबीत ठेवा.

खडूस आजोबा :
हसून हसून ठसका लागला. काकांना सांगू नका हो हे.

शून्यमनस्क :
जरा इतिहास, कारण गरज दिसतेय. १९७६ च्या हंगामात केन टायरेलच्या संघाने ही गाडी उतरवली, आखणी डेरेक गार्डनरची. पुढची चाकं लहान, दहा इंची रिमची. म्हणजे ती नाकाच्या रुंदीमागे लपावीत आणि हवेचा अडथळा कमी व्हावा. दोनऐवजी चार असल्याने रस्त्यावरची पकड आणि ब्रेकची ताकदही भरून निघावी. त्याच वर्षी स्वीडनच्या शर्यतीत, अँडरस्टॉर्पला, जोडी शेक्टर पहिला आणि पॅट्रिक देपेये दुसरा. सहा चाकी गाडीने फॉर्म्युला वनची शर्यत जिंकल्याची ती एकच वेळ. पुढच्या वर्षी मात्र गाडी जड झाली, त्या छोट्या टायरांचा विकासही मागे पडला, आणि १९७८ ला संघ चार चाकांवर परतला.

नाना_चिंचवडकर :
फेरारीनेही ७७ मध्ये सहा चाकी करून पाहिली होती. मार्च आणि विल्यम्सनेही. पण त्यांची चार चाकं मागे होती, आणि एकही फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरली नाही. आता तर नियमच चार चाकांचा आहे. बाकी ग्रेटर नोएडाचा ट्रॅक २०११ ला सुरू झाला, फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती होऊन त्या बंद पडल्या. आपल्याकडे काहीच टिकत नाही. चेन्नईजवळची शोलावरमची धावपट्टी, जिथे शर्यती व्हायच्या, आठवते का कोणाला?

खडूस आजोबा :
नाना, शोलावरमवर वेगळा धागा काढा. मी येतो.

पाचपाखाडी :
बरं. सहा तर सहा. काढलेल्या दोन्ही चाकांपैकी एकच सापडतंय. ते नंतर बघतो. पण मग लाल चालेल ना?

चिमटा :
१९७६ ची गाडी गडद निळी, त्यावर पिवळे पट्टे. ७७ ची निळी-पांढरी. लाल कधीच नव्हती.

अर्धवट :
शेक्टर १९७९ ला फेरारीतूनच विश्वविजेता झाला. काकांना ७८ मध्येच दिसलं होतं म्हणायचं. लालच ठेवा, द्रष्टेपण आहे.

मृदुला_क :
मला एक कळत नाही. काकांनी स्वतः रंगवलीये ना? मग ती सोलून भेट देणार? त्यांना विचारलंत का? माझ्या बाबांनी केलेलं एक जहाज मी असंच "नीट" केलं होतं, ते आठवडाभर बोलले नव्हते.

चिमटा :
मृदुलाताईंचा मुद्दा बरोबर आहे, पण पोपडे सुटतायत तर काहीतरी करायलाच हवं. ठरवा काय ते. निळं करणार असाल तर क्रम सांगतो. सोलल्यावर बारीक पाणकागद, मग प्राइमर, पांढरा किंवा फिका राखाडी. मग आधी पिवळा. किटमधले जुने पिवळे स्टिकर गडद निळ्यावर हिरवट दिसतात, म्हणून पट्टे रंगवूनच घ्या. वाळला की मास्किंग टेप लावा आणि वरून निळा. हार्डवेअरची टेप कडेने दातेरी असते. काचेवर चिकटवून नव्या ब्लेडने नवीन कड कापा. वळणावर इन्सुलेशन टेपच्या दोन मिलिमीटरच्या पट्ट्या बसतात. निळा पातळ थरांत, चार-पाच वेळा. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, स्वतःवर दुमडून ओढा.

गॅरेजवाला :
टचअपचा स्प्रे कॅन आणा, मेटॅलिक नको, साधा सॉलिड निळा. आधी टाकाऊ तुकड्यावर मारून बघा. हे तरी मानाल?

चिमटा :
हे मानतो. फक्त खाली प्राइमर हवाच. कॅनमधलं द्रावण थेट प्लॅस्टिकवर भरपूर पडलं तर तेही खातं. पहिले दोन थर लांबून, नुसते उडवल्यासारखे. आणि जुना तेलरंग कुठे राहिला असेल तर त्यावर हा स्प्रे मारू नका, सुरकुतेल. तेलरंग लॅकरवर (म्हणजे या स्प्रेसारख्या थिनरच्या रंगावर) बसतो, लॅकर तेलरंगावर नाही.

कळंबोलीकर :
आषाढ चालू आहे याची कोणाला आठवण? ठाण्यात सध्या भिंतीला ओल आहे. अशा हवेत लॅकर मारलं की वरून पांढुरकी साय येते, वाफ धरल्यासारखी. माझी एक मॅकलारेन अशीच दुधाळ झाली. पाऊस उघडलेल्या दुपारी मारा, नाहीतर खोलीत एसी दोन तास चालवून हवा कोरडी करा, मारताना बंद करा आणि खिडकी उघडा. वास छातीत जातो, मास्क हवा.

ओसाकावासी :
मी ऑगस्टमध्ये येतेय. टामियाचं काही हवं असेल तर सांगा, त्यांचं गावही इथून फार लांब नाही, शिझुओका. फक्त स्प्रे कॅन सांगू नका, विमानात नेऊ देत नाहीत. डेकल मऊ करायचं मार्क फिट आणू शकेन का ते विचारून बघते.

पाचपाखाडी :
ताई, ऑगस्टपर्यंत पंच्याहत्तरी होऊन जाईल. डेकल म्हणजे ते पाण्यात भिजवायचे स्टिकर ना? कागद आहे, पण पिवळा पडलाय.

खडूस आजोबा :
पारदर्शक पिशवीत घाला, खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, छापलेली बाजू उन्हाकडे. चार-आठ दिवसांत पिवळेपणा उतरतो. ऊन असेल तर. म्हणजे तुम्हाला नाहीच.

मृदुला_क :
आणि आधी एक बिनकामाचं डेकल कोमट पाण्यात टाकून बघा. जुनी डेकल पाण्यात पडताच तुकडे तुकडे होतात. तसं झालं तर बाकीच्या कागदावर चकचकीत क्लिअरचा (पारदर्शक वार्निशचा) एक पातळ हात मारा आणि प्रत्येक डेकल कडेने कापून घ्या. मऊ करायला पांढरं व्हिनेगर थोडं पाण्यात. मार्क फिटची बरोबरी नाही, पण काम निघतं.

अर्धवट :
इंजिन उघडंच असणार मागे. कॉसवर्थ डीएफव्ही, आठ सिलिंडर, वर आठ भोंगे. त्याला प्लगच्या वायरी लावा, काका खूश होतील. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे तांब्याची तार मिळते, ३६ गेज आणा.

शून्यमनस्क :
३६ बारीक होईल. खरी प्लगची वायर आठ मिलिमीटरच्या आसपास जाड, वीतभर मॉडेल म्हणजे खऱ्या गाडीच्या विसाव्या हिश्शाचं, म्हणून विसाने भागली की ०.४. म्हणजे २७ किंवा २८ गेज.

अर्धवट :
आठ दिवसांत सगळं करायचंय त्यांना, तुम्ही गेज मोजताय.

शून्यमनस्क :
३६ तुम्हीच म्हणालात.

अर्धवट :
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

पाचपाखाडी :
तीन दिवसांनी अपडेट. डेटॉलच्या दोन फेऱ्यांत रंग निघाला, घरभर दवाखान्याचा वास. ताईंचं ऐकून काकूला फोन केला, लाल का होती विचारलं. म्हणाली गेटाला मारून डबा उरला होता. काकांना त्या रंगाचं काही वाटत नाही म्हणे, पण पुढच्या चाकांना कोणी हात लावलेला त्यांना अजिबात खपत नाही, नातवालाही ओरडले होते. त्यामुळे घाई. चौथं छोटं चाक अजून सापडलेलं नाही. काय करू?

आणि एका टायरच्या खालचं रिम चिकट झालंय, डेटॉलमुळे?

चिमटा :
डेटॉल नव्हे. जुन्या टायरमधलं तेलकट द्रव्य पॉलिस्टायरिनमध्ये उतरतं आणि ते मऊ करतं, तीस-चाळीस वर्षांत हमखास. टायर काढा, रिम घासून रंगवा, मग मध्ये रंगाचा वाळलेला थर आल्यावरच टायर परत चढवा. चाक शोधायचं सोडा, नवीन ओता. ओळखीचा डेंटिस्ट आहे का? मापं घ्यायची सिलिकॉन पुटी मागा, सापडलेलं चाक त्यात दाबून साचा काढा, त्यात इपॉक्सी रेझिन. रंगवल्यावर फरक कळत नाही.

खडूस आजोबा :
आधी सोफ्याखाली बघा. फ्रिजखाली बघा. आणि केरसुणीत.

मृदुला_क :
कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना चिमुकल्या काचा असतील, त्या जपा. ड्रायव्हरला पुढची चाकं दिसावीत म्हणून ठेवलेल्या आहेत. त्यांवर टेप लावूनच रंग मारा.

पाचपाखाडी :
काचा? मला वाटलं ते भोक आहे, त्यावर एम-सील लावलंय.

चिमटा :
...

गॅरेजवाला :
वाळलं नसेल तर नखाने निघेल. थिनर लावू नका.

अनुष्टुभ :
माझ्या सँट्रोचं कोणी सांगेल का?

गॅरेजवाला :
ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.