विमा कंपनीचे रेडिओ केंद्र आणि कंट्री संगीत: जतन केले की घडवले?

मध्यमलहर
अमेरिकेतील नॅशव्हिलचे डब्ल्यूएसएम हे रेडिओ केंद्र ५ ऑक्टोबर १९२५ रोजी सुरू झाले. ते काढले एका विमा कंपनीने, आणि नावातील तीन अक्षरेही ‘वी शील्ड मिलियन्स’, म्हणजे लक्षावधींचे आम्ही रक्षण करतो, या तिच्या घोषवाक्याची आद्याक्षरे आहेत. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरच्या रात्री अंकल जिमी थॉम्पसन हे ७७ वर्षांचे फिडलवादक (फिडल म्हणजे लोकसंगीतातले व्हायोलिन) मायक्रोफोनसमोर बसले, निवेदक जॉर्ज हे (‘हे’ हे त्यांचे आडनाव) यांनी त्यांना वाजवू दिले आणि तिथूनच पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ नावाने गाजलेला शनिवारचा कार्यक्रम उभा राहिला. शहरातील प्रतिष्ठितांना हे गावंढळ संगीत, म्हणजेच पुढचे कंट्री संगीत, आपल्या केंद्रावर नको होते, तरीही कंपनीने ते चालू ठेवले. माझे स्पष्ट मत असे आहे की या केंद्राने आश्रय दिला नसता, तर शेतघरांच्या ओसरीवरचे हे वादन त्या पिढीबरोबरच संपले असते.

खंजिरी
आश्रय दिला हे खरे, पण कशासाठी दिला तेही सांगायला हवे. कंपनीचे विक्रेते दारोदार फिरून छोटे विमे विकत, आणि ‘आम्ही ऑप्रीवाले’ अशी ओळख दिली की दार उघडणे सोपे जाई. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे जे हवे होते ते मिळेना, तेव्हा ते बनवले गेले. डॉ. हम्फ्री बेट हे व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकलेले वैद्यक व्यावसायिक होते आणि त्यांचा वाद्यवृंद नीटनेटक्या सूटमध्ये वाजवत असे. जॉर्ज हे यांनी त्या वृंदाचे नाव ‘पॉसम हंटर्स’, म्हणजे पॉसम या रानटी प्राण्याचे शिकारी, असे केले, आणि पुढे सूट जाऊन मळखाऊ शेतकरी पोशाखातली छायाचित्रे आली. एका डॉक्टरला अडाणी शिकाऱ्याचे सोंग घ्यायला लावणे याला जतन म्हणायचे का?

मध्यमलहर
पोशाखाबद्दल आपले म्हणणे मान्य आहे, परंतु रेडिओवर पोशाख दिसत नाही. श्रोत्यापर्यंत पोचले ते डॉ. बेट यांचे माउथ ऑर्गन आणि त्यांच्या साथीदारांचे फिडल, आणि ते अस्सल होते. तमाशाचे ‘लोकनाट्य’ झाले तेव्हा आपल्याकडेही हाच वाद झाला होता. मध्यमवर्गीय प्रेक्षकांसाठी काही गोष्टी बदलल्या, काही गाळल्या, तरी ढोलकी आणि लावणी टिकून राहिली ना?

दूरदेशी
मी नॅशव्हिल ज्या राज्यात आहे त्या टेनेसीत राहतो, म्हणून थोडी भर घालतो. ब्रेंटवुडजवळ महामार्गावरून जाताना या केंद्राचा १९३२ सालचा मनोरा दिसतो. तो मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता, उभ्या धरलेल्या चातीसारखा आहे, आणि त्याची उंची आज ८०८ फूट आहे. ६५० किलोहर्ट्झवर ५० किलोवॅटचे प्रक्षेपण, शिवाय सूर्यास्तानंतर मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन दूरवर जातात. रात्री दोन राज्ये ओलांडून गाडी चालवताना मी हे केंद्र लावले आहे. आवाज मधेच विरतो, खरखर वाढते आणि फिडल पुन्हा वर येते. ज्या घरांत त्या काळी बॅटरीवरचा एकच रेडिओ होता, त्यांना शनिवारी रात्री काय वाटत असेल, याची कल्पना मला त्या खरखरीतून आली. त्यामुळे माझे मत धागाकर्त्याच्या बाजूने आहे.

खंजिरी
मनोरा भव्य आहे, यात वाद नाही. परंतु त्यावरून कोणाचा आवाज जात होता आणि कोणाचा बंद झाला, हेही पाहावे. डेफर्ड बेली हा कृष्णवर्णीय माउथ ऑर्गनवादक. १९२७ च्या डिसेंबरमधील एका शनिवारी केंद्रावरून आधी अभिजात संगीताचा कार्यक्रम प्रसारित झाला. तो संपताच बेलीने आगगाडीची धडधड आणि शिट्टी हुबेहूब उभी करणारी आपली ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ ही रचना वाजवली, आणि आतापर्यंत ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ‘ग्रँड ओल ऑप्री’ (‘ऑप्री’ हा ‘ऑपेरा’चा गावरान उच्चार) ऐका, अशा अर्थाची घोषणा जॉर्ज हे यांनी केली. म्हणजे ज्या नावाचा एवढा अभिमान बाळगला जातो, ते नाव बेलीच्या वादनाच्या साक्षीने पडले. दौऱ्यावर मात्र वर्णभेदामुळे त्याला हॉटेलात खोली मिळणे मुश्किल होई. १९४१ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले. गीतांच्या हक्कांवरून केंद्रे आणि हक्कसंस्था यांच्यात तंटा चालू होता आणि त्याच्या नेहमीच्या रचना वाजवता येत नव्हत्या, हे एक कारण. पण जॉर्ज हे यांनी पुढे त्याला आळशी ठरवले, आणि तेही त्याच्या वंशाचा उल्लेख करून. त्यानंतर हा माणूस नॅशव्हिलमध्येच बूट पॉलिश करण्याचे दुकान चालवून जगला आणि १९८२ मध्ये वारला. कंट्री संगीतातल्या थोर कलावंतांचा सन्मान करणाऱ्या ‘कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम’मध्ये त्याला स्थान मिळाले २००५ साली.

मध्यमलहर
बेलीच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते शोधण्याचा प्रयत्नही मी करणार नाही. तो अन्याय होता. तरीही आश्रयदाता अन्यायी होता म्हणून आश्रयच खोटा होता, असे मला म्हणता येत नाही. २००२ च्या सुरुवातीला तेव्हाच्या मालकांनी संगीत बंद करून खेळांच्या गप्पांचे केंद्र करण्याचा विचार चालवला, तेव्हा श्रोते आणि कलावंत निषेधाला उभे राहिले आणि तो बेत सोडून द्यावा लागला. निव्वळ विमा विकण्याच्या दुकानासाठी लोक असे धावून येत नाहीत.

खंजिरी
धावून आले ते संगीतासाठी, आणि तेच माझे म्हणणे आहे. मालकाला ते बंद करावेसे वाटले, श्रोत्यांना नाही. मग जतन कोणी केले?

दूरदेशी
२०१० च्या मे महिन्यात कंबरलँड नदीला पूर आला, ऑप्रीच्या सभागृहाच्या रंगमंचावर पाणी चढले, आणि स्टुडिओ सोडावा लागल्यावर निवेदकांनी त्याच जुन्या मनोऱ्याच्या पायथ्याशी बसून प्रसारण चालू ठेवले. खंजिरी यांच्या प्रश्नाला माझे उत्तर या लोकांपासून सुरू होते. ते ना मालक होते, ना श्रोते. ते तिथले नोकर होते, आणि बेलीही एके काळी तिथला नोकरच होता.