सेरोटोनिनचा सिद्धांत पडला म्हणून डिप्रेशनच्या गोळ्या बंद करायच्या?

मुक्ताई

'निर्भीड' यांचा परवाचा लेख वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळा धागा काढते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सेरोटोनिन हे मेंदूतलं निरोप वाहणारं रसायन कमी झाल्यामुळे नैराश्य येतं हे खोटं ठरलं, म्हणजे ३० वर्षं कंपन्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून लोकांना फसवलं. तेव्हा गोळ्या बंद करा, पहाटे उठा, सूर्यनमस्कार घाला. त्याखाली एका बाईंनी लिहिलंय, "धन्यवाद, आजपासून बंद." हे वाचून मी हादरले.

ज्या संशोधनाचा दाखला दिलाय ते आधी नीट वाचा. जुलै २०२२मध्ये लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी 'मॉलिक्युलर सायकियाट्री'त आढावा छापला. रक्तात आणि मेंदूतल्या पाण्यात सेरोटोनिन किती, ते झेलणारे पेशींवरचे रिसेप्टर किती, ट्रिप्टोफॅन (ज्यापासून शरीर सेरोटोनिन बनवतं) कमी केलं तर माणूस उदास होतो का, जनुकांचा संबंध काय, हे सगळं तपासून निष्कर्ष काढला की सेरोटोनिन कमी असल्यामुळे नैराश्य येतं याला सुसंगत पुरावा नाही. ठीक. पण गोळ्यांचा उपयोग होतो की नाही, हे त्या आढाव्यात तपासलेलंच नाही! तो प्रश्न २०१८च्या 'लॅन्सेट'मध्ये चिप्रियानी आणि मंडळींनी तपासला होता. ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण, २१ औषधं. सगळी औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, सरस निघाली. फरक फार मोठा नाही, पण आहे.

औषध नेमकं कसं काम करतं हे न कळताही ते काम करू शकतं. लिथियमचा उपयोग जॉन केडने १९४९मध्ये ऑस्ट्रेलियातून कळवला. ते मेंदूत काय करतं यावर आजही वाद आहेत. म्हणून बायपोलरच्या (कधी उन्माद, कधी नैराश्य) रुग्णांचं लिथियम काढून घ्यायचं का?

माझ्या जावेने असंच कुणाचं तरी ऐकून गोळी सोडली होती. ती आज आहे, कारण त्या दुपारी सासूबाई कुरडयांचं वाळवण बघायला अवेळी गच्चीवर गेल्या. याहून जास्त लिहिणार नाही.

निर्भीड

माझं नाव घेऊन धागा काढलाय, तर उत्तर देतो. तुमच्या जावेबद्दल वाचून वाईट वाटलं. पण घरात माणसं फक्त तुमच्याकडेच आहेत असं नाही.

माझ्या धाकट्या भावाला डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "मधुमेहाला इन्सुलिन लागतं तसं तुझ्या मेंदूला सेरोटोनिन लागतं." रक्त तपासलं नाही, काही मोजलं नाही. पॅरोक्सेटीन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं. पुढे बरं वाटायला लागलं म्हणून त्याने बंद केलं, तर मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं. चक्कर, मळमळ, रडू. डॉक्टर म्हणाले, आजार उलटलाय, डोस वाढवू. आजार कसा उलटेल? असे झटके त्याला आधी कधीच आले नव्हते! माझा राग आहे तो याच्यावर.

आणि फरक "फार मोठा नाही" हे तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलंत. २००८मध्ये अर्विंग कर्शने अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे जमा झालेल्या चाचण्या काढून बघितल्या. नैराश्य मोजणाऱ्या हॅमिल्टनच्या ५२ गुणांच्या मापावर औषध आणि प्लासिबोमधला फरक १.८ गुणांचा. तेव्हाचा ब्रिटिश निकष होता किमान ३ गुणांचा. एवढ्याशा फरकासाठी लोकांना वर्षानुवर्षं गोळ्या खायला लावायच्या?

विदर्भवासी

नागपूरकडे मानसोपचार करतो. दोघांचंही अर्धं बरोबर आहे, पण निर्भीड यांनी लोकांना जे करायला सांगितलं ते घातक आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको.

१.८ ही सरासरी आहे, आणि सरासरीत कुणाला भरपूर फायदा झाला, कुणाला शून्य, हे दिसत नाही. शिवाय त्याच कर्शच्या विश्लेषणात आजार जितका तीव्र तितका फरक वाढताना दिसतो. २०२१मध्ये ब्रिटनमधली 'अँटलर' चाचणी आली. बऱ्या झालेल्या आणि दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या लोकांपैकी निम्म्यांची गोळी, त्यांना कळू न देता, हळूहळू काढली. वर्षभरात त्यांच्यातल्या ५६ टक्क्यांचा आजार उलटला, चालू ठेवलेल्यांत ३९ टक्क्यांचा. याला थोतांड म्हणणार?

आता कुठे चुकलं ते. "केमिकल इम्बॅलन्स" हे आमच्या लोकांनी सोयीसाठी वापरलं, हे मान्य करायलाच लागेल. त्याचा उगमही बघा. १९५२मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड दिलं, तर ते उत्साहाने वावरायला लागले. पुढे कळलं की हे औषध सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन मोडणारं एन्झाइम अडवतं. दुसरीकडे रेसरपीन हे रक्तदाबाचं औषध घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याचं डॉक्टर लिहीत होते, आणि १९५५मध्ये बेथेस्डाला ब्रोडीच्या प्रयोगशाळेत दिसलं की रेसरपीनने मेंदूतलं सेरोटोनिन रितं होतं. एक औषध वाढवतं आणि मन उभारी घेतं, दुसरं घटवतं आणि मन खचतं. दोन्ही जोडून सिद्धांत उभा राहिला. त्या काळात तो काढणं चूक नव्हतं. पुढे पुरावा जमला नाही तरी तो दवाखान्यात वापरत राहणं चूक होतं.

वैद्य_पंचवटी

रेसरपीन कुठून आलं ते डॉक्टरसाहेबांनी सोयीस्करपणे गाळलं! सर्पगंधेच्या मुळीतून. बिहारमध्ये तिला "पागल की दवा" म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या आपले लोक उन्मादाला, अनिद्रेला ती देत होते. १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने त्यातून एक द्रव्य वेगळं काढलं, नाव दिलं आणि जगभर विकलं. वनस्पती आमची, अनुभव आमचा, आणि नोबेल २०००मध्ये स्वीडनच्या कार्लसनला. रेसरपीन टोचलेले ससे निपचित पडले, एल-डोपा (मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा कच्चा माल) दिल्यावर उठले, हाच तो १९५७चा प्रयोग. एल-डोपाही आमच्या खाजकुहिलीच्या बियांत आहे. बोला!

केमिस्ट्रीवाला

वैद्यजी, अर्धवट इतिहास सांगू नका. खाजकुहिलीत एल-डोपा आहे हे १९३७मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी प्रयोगशाळेत दाखवलं आणि 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये छापलं. सर्पगंधेतली अल्कलॉइडं (वनस्पतीतली गुणकारी द्रव्यं) १९३१मध्ये दिल्लीच्या तिब्बी कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकींनी वेगळी केली, आणि एकाला हकीम अजमल खानांच्या नावावरून अजमलीन म्हटलं. म्हणजे सीबाच्या आधी काम इथेच सुरू झालं होतं, पण ते रसायनशास्त्र होतं. ग्रंथात आहे म्हणून आपोआप औषध होत नाही.

वैद्य_पंचवटी

त्याच १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेनांनी कार्तिकचंद्र बोसांबरोबर सर्पगंधेवर लेख लिहिला, उन्माद आणि रक्तदाब दोन्हींसाठी. गणनाथ सेन कविराज होते, रसायनशास्त्रज्ञ नव्हते. त्यांना तुम्ही तुमच्या खात्यात कसे घालता? आयुर्वेदाने काही केलं की ते "विज्ञान", आणि आयुर्वेदाचं नाव घेतलं की ते "ग्रंथात आहे म्हणून"! हा तिरस्कार आता पुरे.

केमिस्ट्रीवाला

तिरस्कार नाही. गणनाथ सेन दोन्ही शास्त्रं शिकलेले होते आणि त्यांनी गुण-दोष लिहून ठेवले, म्हणूनच त्यांचं नाव राहिलं. आपल्या मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील घ्या. हृदयरोगतज्ज्ञ माणूस. त्यांनी सर्पगंधा रुग्णांना देऊन रक्तदाब मोजले, दुष्परिणाम नोंदवले आणि १९४९मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापलं. जगाने सर्पगंधेकडे वळून पाहिलं ते त्यानंतर. १९५७चा लास्कर पुरस्कार त्यांना मिळाला. मुंबईतल्या किती लोकांना हे नाव माहीत आहे? अभिमान बाळगायचा तर या माणसाचा बाळगा, नाक्यावर चूर्ण विकणाऱ्यांचा नको.

वैद्य_पंचवटी

मी नाक्यावर चूर्ण विकत नाही. पाच वर्षं शिकून पदवी घेतली आहे. भाषा सांभाळा.

आजोबा_सांगली

दोघेही जरा थांबा. वडिलांना रक्तदाब होता. ओळखीच्या एकांनी सर्पगंधेचं चूर्ण दिलं, सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून. रक्तदाब उतरला, हे खरं. पण तालमीत रोज जाऊन पोरांना डाव शिकवणारा माणूस ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. नाक सतत चोंदलेलं, बोलणं तुटक. आम्ही म्हणालो, वय झालं. आई म्हणायची, कुणीतरी काहीतरी केलंय, तिने उतारेही टाकले. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी चूर्ण बंद करायला लावलं, आणि काही आठवड्यांनी ते परत तालमीत दिसायला लागले. तेव्हा सर्पगंधा आमची की सीबाची, हा वाद तुमचा तुम्ही घाला. देणाऱ्याने "मन खचू शकतं" एवढं एक वाक्य सांगितलं नाही, माझं दुखणं हे आहे.

विदर्भवासी

आजोबा, नाक चोंदणं हा रेसरपीनचा नेहमीचा दुष्परिणाम. चेतापेशींत सेरोटोनिन, डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन ज्या पिशव्यांत साठतं, त्या पिशव्यांत ते शिरूच देत नाही. बाहेर राहिलेलं मोडून जातं. नवा साठा तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून बंद केल्यावरही परिणाम बरेच दिवस राहतो. "नैसर्गिक आहे, अपाय नाही" म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

पण तुमच्या वडिलांच्या गोष्टीवरून निर्भीड यांनी उडी मारण्याआधी हेही सांगतो. १९५५मध्येच लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांना रेसरपीन देऊन चाचणी घेतली, आणि प्लासिबोपेक्षा त्यांना *बरं* वाटलं. सिद्धांताच्या उलट! तो लेख मागे पडला, कारण तो गोष्टीत बसत नव्हता.

निर्भीड

मी तेच तर म्हणतोय! विरुद्ध पुरावा १९५५पासून समोर होता. १९८७च्या डिसेंबरात अमेरिकेत फ्लुओक्झेटीन या नैराश्यावरच्या गोळीला परवानगी मिळाली आणि तीच गोष्ट जाहिरातीत गेली. गोळीने सेरोटोनिन काही तासांत वाढतं आणि माणसाला बरं वाटायला आठवडे लागतात, यावरूनच शंका यायला हवी होती.

विदर्भवासी

आली होती. त्या शंकेतूनच नवं काम निघालं. पेशींच्या जोडण्या नव्याने घडण्यावर गोळीचा परिणाम होतो का, हे गेली कित्येक वर्षं तपासतायत. २०२१मध्ये फिनलंडच्या कास्ट्रेन यांच्या गटाने 'सेल'मध्ये दाखवलं की फ्लुओक्झेटीन थेट या जोडण्या घडवण्यातल्या टीआरके-बी नावाच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, म्हणजे सेरोटोनिनला वळसा घालून. हेही उद्या पडेल कदाचित. म्हणून समोर बसलेल्या, आठ दिवस न जेवलेल्या बाईला मी सिद्धांत पक्का होईपर्यंत थांबा म्हणू?

मुक्ताई

सर्पगंधेसाठी वेगळा धागा काढा अशी विनंती. इथे अजून कुणी "आजपासून बंद" म्हणणाऱ्या त्या बाईंना उत्तर दिलेलं नाही. निर्भीड, त्या तुमच्या लेखाखाली आहेत. तुम्हीच द्यायचं.

आणि गोळी सोडताना त्रास होतो, हे तुमच्या भावाचं खरं आहे, त्यावर माझा वाद नाही. २०२४च्या 'लॅन्सेट सायकियाट्री'तल्या विश्लेषणात गोळी बंद केलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना त्रास झाला, प्लासिबो बंद केलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. त्रास नाही असं कुणी म्हणत नाही. पण म्हणून तर एका झटक्यात सोडू नका म्हणायला हवं!

निर्भीड

लेखात वरती ठळक वाक्य घातलंय: डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गोळी बंद करू नका. त्या बाईंना निरोपही धाडला. बाकी लेख आहे तसाच राहील, त्यातला शब्दही मागे घेत नाही.

आणि ते १७ टक्के दाखवून "बरंचसं मनाचं" म्हणायला कुणी येऊ नका. माझा भाऊ त्या १७मध्ये नव्हता. पाच-सात मिनिटांच्या ओपीडीत गोळी सुरू होते. सोडायची कशी ते सांगायला कुणाकडे वेळ आहे?

विदर्भवासी

वेळ नाही, हे खरं आहे. दारात रांग असते आणि मी एकटा असतो. पण सोडायची कशी ते निदान इथे सांगतो, म्हणजे तुमच्या डॉक्टरांना विचारता येईल.

डोस आणि परिणाम सरळ रेषेत चालत नाहीत. होरोविट्झ आणि टेलर यांनी २०१९मध्ये हे नीट मांडलं. सिटालोप्राम या नैराश्यावरच्या गोळीच्या २० मिलिग्रॅमला सेरोटोनिन उचलणारी सुमारे ८० टक्के ठिकाणं अडतात, आणि ५-६ मिलिग्रॅमलाही ६० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे २० वरून १० वर येणं सोपं जातं आणि खरा कडेलोट शेवटच्या तुकड्यात असतो. नेमकं तिथेच "आता थोडीच आहे, सोडून द्या" म्हणतात. शेवटच्या पायऱ्या लहान लहान हव्यात आणि प्रत्येक पायरीवर काही आठवडे थांबायला हवं. त्रास झाला तर एक पायरी वर जायचं. "दिवसाआड घ्या" हा सल्ला पॅरोक्सेटीनला तर अजिबात चालत नाही, ते शरीरातून लवकर जातं.

ऋतुजा_चिपळूण

आईचं फ्लुओक्झेटीन २० चालू आहे आणि तिला सोडायचंय. कॅप्सूल आहे, मोडता येत नाही. तिचं काय करायचं?

विदर्भवासी

फ्लुओक्झेटीन शरीरात आठवडे रेंगाळतं, त्यामुळे ते बऱ्याचदा आपल्या आपण सावकाश उतरतं आणि सोडायला तुलनेने सोपं जातं. १०ची कॅप्सूल मिळते, ती विचारा. त्रास उशिरा सुरू होऊ शकतो, म्हणून बंद केल्यावर महिना-दीड महिना झोप, भूक आणि चिडचिड वहीत लिहून ठेवा. आणि आधी हे सांगा, आईंना हा आजार याआधी किती वेळा झालाय? दोनदा किंवा जास्त असेल, तर सोडण्याची घाई नको. त्यांच्या डॉक्टरांकडे वही घेऊनच जा.