मदत हवी आहे: एकुलती एक वही कोणाच्या हाती द्यावी? ओळखीचा डिलिव्हरीवाला की कुरिअर कंपनी?

नमस्कार मंडळी,

थोडं लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते. पण आधीचं सगळं सांगितल्याशिवाय माझी अडचण कळायची नाही.

मी घरी जुन्या पुस्तकांची बांधणी करते. सुटलेली पानं शिवायची, पुठ्ठा बदलायचा, फाटलेल्या कडा पातळ कागदाने जोडायच्या. पुस्तकं येतात पार्सलने आणि जातातही पार्सलनेच. एखादं गहाळ झालं तर वाईट वाटेल, पण शोधाशोध करून दुसरी प्रत मिळू शकते. या वेळी मात्र एका गृहस्थांच्या आजीच्या हातची वही आली आहे. शाई जागोजागी पुसट, कागद ठिसूळ, आणि जगात हिची दुसरी प्रत नाही. काम होऊन आठवडा झाला, वही कपाटातच आहे. पाठवायचं कोणाबरोबर, हेच ठरत नाही. गृहस्थ दुसऱ्या गावी राहतात, गाडीने तीनेक तासांवर.

गेले सात-आठ महिने माझी जवळपासची पार्सलं एक दादा पोचवतात. कुठल्याही कंपनीचे नाहीत, स्वतःची दुचाकी, स्वतःचा फोन. वेळेवर येतात, पिशवीला प्लास्टिकचं अस्तर असतं, पार्सल दिल्यावर फोटो पाठवतात. आजवर एकही वस्तू हरवलेली नाही. "वही मी स्वतः नेऊन देतो, मध्ये कुठे उतरवणार नाही," असं ते म्हणतात. मग अडलंय कुठे? एकदा त्यांना ताप आला होता, तेव्हा त्यांनी माझी पार्सलं मेहुण्याबरोबर पाठवली आणि मला सांगितलंच नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "आज वेगळेच गृहस्थ आले होते," तेव्हा कळलं. नुकसान काहीच झालं नाही, पण ते मनातून जात नाही. शिवाय आमच्यात कागद म्हणाल तर एकही नाही. सगळा व्यवहार "हो ताई, होऊन जाईल" यावर.

दुसरीकडे नावाजलेली कंपनी. पावती, ट्रॅकिंग, तक्रार क्रमांक, सगळं आहे. पण गेल्या वर्षी अशाच एका कंपनीने पाठवलेलं माझं पार्सल ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' दिसत होतं आणि गिऱ्हाइकाच्या हातात काही नव्हतं. सहीच्या जागी नुसती एक रेघ. चार दिवसांनी ते शेजारच्या इमारतीच्या जिन्याखाली सापडलं, एक कोपरा भिजलेला. भरपाई मागितली तर त्यांनी पावतीच्या मागच्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवलं. खरं सांगायचं तर 'घोषित मूल्य' हा रकाना मी कोराच सोडला होता, तेव्हा चूक थोडी माझीही.

या प्रकरणात एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून जास्तच गोंधळ उडालाय. ते पार्सल पोचवणारा मुलगा कंपनीचा नोकर नव्हताच. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, पैसे पार्सलमागे. मग मी कंपनीवर विश्वास ठेवला म्हणजे नेमका कोणावर ठेवला? शेवटी दारात उभा राहणारा माणूस दोन्हीकडे सारखाच असेल, तर जास्तीचे पैसे कशासाठी मोजायचे?

कोणी या व्यवसायात असाल किंवा अशी एकमेव वस्तू पाठवली असेल, तर अनुभव सांगा. "नशिबावर सोडा" एवढं सोडून काहीही चालेल.

प्रतिसाद १

आधी वहीचं पान न् पान स्कॅन करा. ते झालं नसेल तर बाकीची चर्चा नंतर.

प्रतिसाद २

काही वर्षं पार्सलं गावांप्रमाणे वेगळी करणाऱ्या केंद्रात काम केलंय, म्हणून लिहितो.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. शेवटचा टप्पा कंत्राटदाराकडे किंवा स्वतंत्र माणसाकडे देणं आता सर्रास चालतं. ॲमेझॉनने २०१५ साली 'फ्लेक्स' सुरू केलं ते याच धर्तीवर, स्वतःच्या गाडीने पार्सलं पोचवणाऱ्यांसाठी. (गंमत म्हणजे यूपीएसची सुरुवातही १९०७ मध्ये सिॲटलमध्ये पायी आणि सायकलवर निरोप-पार्सलं पोचवणाऱ्या पोरांपासून झाली. आजची बडी कंपनी ही कालची ओळखीची पोरंच.)

तेव्हा जास्तीचे पैसे दारातल्या माणसाचे नसतात. पार्सल हातातून हातात जाताना दर ठिकाणी होणाऱ्या नोंदीचे आणि हरवल्यावर जबाबदारी घेणाऱ्या कोणाचे तरी असतात. पार्सल उचललं की स्कॅन, केंद्रात शिरलं की स्कॅन, गाडीत चढलं की स्कॅन. हरवलं तर शेवटचा स्कॅन कुठला ते बघून शोध तिथून सुरू होतो. तुमच्या दादांच्या बाबतीत मेहुण्याकडे पार्सल गेलं ती नोंद कुठेच नव्हती. तुम्हाला खुपतंय ते हेच, माणूस वाईट म्हणून नाही.

पण याची दुसरी बाजूही ऐका. कंपनीकडे जवळच्या गावचं पार्सलसुद्धा आधी मोठ्या केंद्रात जातं आणि तिथून परत फिरतं. फेडएक्सने १९७३ मध्ये मेंफिसहून काम सुरू केलं तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली, कारण लाखो पार्सलांना तीच परवडते. एका वहीच्या दृष्टीने मात्र ती वाईट. सरकत्या पट्ट्यावर चढणं, घसरणं, वरून जड खोकं पडणं, दर थांब्याला हे होतं. 'नाजूक' असा शिक्का यंत्राला वाचता येत नाही. थेट माणसाबरोबर गेली तर हात बदलतात एकदाच. हाताळणीपुरतं तुमच्या दादांचं पारडं जड आहे.

प्रतिसाद ३

भरपाईबद्दल थोडं. ही रक्कम बऱ्याच ठिकाणी वस्तूच्या वजनाशी बांधलेली असते, तिच्या मोलाशी नाही. एका देशातून दुसऱ्या देशात विमानाने जाणाऱ्या मालाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होत असेल, तर विमान कंपनीच्या जबाबदारीची मर्यादा किलोमागे ठरते. आधी ती १७ एसडीआर होती, वाढत वाढत २८ डिसेंबर २०२४ पासून २६ झाली आहे. (एसडीआर हे नाणेनिधीचं हिशेबाचं एकक.) अर्ध्या किलोच्या वहीचे किती होतील ते तुम्हीच काढा. याच करारात पाठवताना जास्त मूल्य लिहून आणि वेगळं शुल्क भरून मर्यादा वाढवायची सोय आहे. देशांतर्गत नियम वेगळे असतात, पण कोरा रकाना सगळीकडेच महाग पडतो.

आता कळीची गोष्ट. घोषित मूल्य लिहिलं तरी मागताना ते सिद्ध करावं लागतं. आजीच्या वहीचं बिल कुठून आणणार? बऱ्याच कंपन्या 'भरून न येणाऱ्या वस्तू' अटींमध्येच वगळतात. म्हणजे तुमच्या बाबतीत कंपनीची भरपाई जवळजवळ शून्य धरा आणि मग तुलना करा.

दादांकडे वाहतुकीतल्या मालाचा विमा आहे का, तेही विचारा. खासगी गाडीच्या साध्या विम्यात पैसे घेऊन माल वाहणं बहुधा बसत नाही, हे अनेकांना अपघातानंतरच कळतं.

प्रतिसाद ४

मी स्वतः अशीच डिलिव्हरी करतो. ताई, राग मानू नका, पण मेहुण्याची चूक आमच्यात नेहमीची आहे. आजारी पडलो तर त्या दिवसाची कमाई बुडते आणि गिऱ्हाईकही तुटतं, म्हणून घरच्या कोणाला तरी पाठवतो. सांगितलं तर काम जाईल ही भीती. तुम्ही आधीच म्हणा, "तुम्हाला जमलं नाही तर दोन दिवस थांबेन, दुसऱ्याला देऊ नका." हे वाक्य आम्हाला कोणी म्हणतच नाही.

आणि पोचल्याचा कोड ठेवा. चार आकडी, फक्त तुम्हाला आणि घेणाऱ्याला माहीत. वही हातात पडून, उघडून बघितल्यावरच घेणाऱ्याने तो दादांना सांगायचा. "पत्ता अपूर्ण आहे, या लिंकवर पैसे भरा" असा मेसेज कुठल्याही नावाने आला तरी ती लिंक दाबायची नाही, हेही घेणाऱ्याला सांगून ठेवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे आभार. स्कॅनिंगचा सल्ला वाचून स्वतःचीच लाज वाटली. महिनाभर वही माझ्याकडे होती आणि हे सुचलं नाही! दोन दिवस बसून सगळी पानं वरून, सपाट उजेडात टिपली आणि गृहस्थांना पाठवली. त्यांनी ती वाचायलाही घेतली आहेत.

वही दादांबरोबरच पाठवायचं ठरवलं. केंद्रातल्या पट्ट्यावर ती घालायला मन धजावत नाही, आणि कंपनीच्या भरपाईचा हिशेब प्रतिसाद ३ ने दाखवलाच. इतर रोजची पुस्तकं लांबच्या गावांना कंपनीनेच जातील, रकाना भरून.

काल दादांना लेखी पावतीचं विचारलं. दुखावतील म्हणून चाचरतच विषय काढला. वस्तूचं वर्णन, तारीख, दोघांच्या सह्या आणि "दुसऱ्याच्या हाती देणार नाही" ही ओळ. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "एक प्रत मलाही द्या." मागे कुठेतरी पार्सलातून वस्तू कमी निघाली म्हणून त्यांच्यावर आळ आला होता आणि त्यांच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. माल वाहण्याचा विमा मात्र त्यांच्याकडे नाही, ते त्यांनी सरळ सांगितलं.

आता एवढंच सांगा. वही आधी आम्लविरहित कागदात, मग प्लास्टिकमध्ये, दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये आणि शेवटी खोक्यात घालणार आहे. पत्त्याची एक चिठ्ठी आतही ठेवते. दुचाकीवरच्या तीन तासांच्या हादऱ्यांना खोक्यात अजून काय भरावं?