कार्बाइड टूल ग्राइंडिंग : कूलंट चालू असूनही खोकला?

टूलरूम_पाळी:
डायमंड व्हीलवर टंगस्टन कार्बाइडच्या टूलना धार लावतो. कूलंट (थंड ठेवणारं द्रव) चालू असतो, धूळ दिसत नाही. तरी एका कारागिराला बरेच दिवस कोरडा खोकला आहे, छाती आवळल्यासारखी वाटते, सुटीत बरं वाटतं. छातीचा एक्स-रे नॉर्मल. बाकीच्यांना काही नाही. मास्क पुरेल का?

छाती_तपासणी:
सुटीत उतार पडणं हीच मोठी खूण. कार्बाइडचे कण बांधून ठेवायला कोबाल्ट वापरतात. त्याने दमा होतो, काहींच्या फुप्फुसात फायब्रोसिसही (फुप्फुस आतून कडक होणं). हे माणसागणिक बदलतं, म्हणून ‘बाकीचे ठणठणीत आहेत’ याला अर्थ नाही. लोखंडाच्या धुळीने एक्स-रेवर ठिपके दिसतात, पण दम सहसा लागत नाही. इथे एक्स-रे साफ असूनही आजार असू शकतो. स्पायरोमेट्री (फुंकून श्वासाची ताकद मोजणं), डीएलसीओ (फुप्फुसातून वायू रक्तात किती जातो ते मोजणं) आणि एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) करून घ्या. सोबत पीक फ्लो (छोट्या मीटरमध्ये जोरात फुंकून श्वासाचा वेग मोजणं): दिवसातून किमान ४ वेळा, ४ आठवडे, सुट्या धरून. दर वेळी ३ फुंका, त्यातला मोठा आकडा लिहायचा. डॉक्टरांकडे टूलची सेफ्टी डेटा शीट (त्यात काय काय आहे आणि धोके काय, याचा कंपनीचा कागद) न्या, नुसतं ‘धातूची धूळ’ सांगून भागत नाही.

हवा_नमुना:
खरी गोम कूलंटमध्येच आहे. पाण्याच्या कूलंटमध्ये कोबाल्ट विरघळतो, तेच पाणी फिरत राहतं आणि तुषारांतून नाकात जातं. फिल्टर कण अडवतो, विरघळलेला कोबाल्ट नाही. वरून भर घालत राहिलात तर साठा वाढतच जातो. कोबाल्ट कमी विरघळेल असा कूलंट मागवा, त्यातलं कोबाल्ट मोजून बदलण्याची वेळ ठरवा.

सक्शनचं तोंड व्हीलला अगदी लागून हवं. नळीच्या व्यासाइतकं लांब गेलं की तोंडाशी असलेल्या वेगाचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. हवेचा नमुना कारागिराच्या कॉलरपाशी घ्या, खोलीच्या कोपऱ्यात नाही.

टूलरूम_पाळी:
म्हणजे मास्क नको?

हवा_नमुना:
हवा, पण सगळ्यात शेवटी. कापडी किंवा सर्जिकल चालणार नाही. एन९५ किंवा पी१०० (बारीक कण अडवणारे मास्क), फिट टेस्ट करून, म्हणजे चेहऱ्यावर घट्ट बसतो का ते तपासून. दाढीवर तो बसत नाही. एअर गनने मशीन आणि कपडे झटकणं आजच बंद, हेपा (अतिबारीक धूळ अडवणारा फिल्टर) व्हॅक्यूम वापरा.

छाती_तपासणी:
एक भर. पीक फ्लोच्या नोंदी हव्यात म्हणून त्याला मशीनवर अडकवून ठेवू नका. चालताना दम लागत असेल किंवा ऑक्सिजन घसरत असेल तर आधी तिथून हलवा. आणि ‘हलवा’ म्हणजे शेजारच्या मशीनवर नव्हे.