मदत हवी आहे: वाणिज्य शाखेतून बारावी, परदेशी वैद्यकीय प्रवेश

माझे वय ३४ असून बारावी वाणिज्य शाखेतून झाली आहे. सध्या सोलापुरात नोकरी करतो, पण परदेशात वैद्यकीय शिक्षण घेण्याचा माझा निश्चय पक्का आहे. पुढे भारतातच रुग्णसेवा करायची असल्याने नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा अनिवार्य आहे, हे मी जाणतो. तिला कमाल वयोमर्यादा नाही, आणि बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून घेतलेले भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्रही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये ग्राह्य धरले, हा मोठा आधार. मात्र एका परदेशी विद्यापीठाने ईमेलला उत्तर देताना तिन्ही विषय मूळ गुणपत्रिकेतच मागितले. एजंटमार्फत जायचे नाही. बारावीनंतर मुक्त विद्यालयातून हे तीन विषय देऊन मिळालेल्या स्वतंत्र गुणपत्रिकेवर कोणाला प्रवेश मिळाला आहे का, आणि सोलापुरात या विषयांची प्रात्यक्षिके कोणत्या केंद्रावर होतात?